चार वाजताची बशी

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हे सांगितलं की तो हमखास विचारतो, "म्हणजे भाचा मामाच्या ना?" नाही. मामा, भाच्याच्या. मामा साठीचा आणि भाचा सहा वर्षांचा असला तरी. लहानपणी मला याची एवढी लाज वाटायची की मामांची राजदूत फटफटी फाटकाशी थांबल्याचा आवाज आला की मी मोरीत शिरून आतून कडी लावायचो. मोठेपणी त्यांचे खांदे धरून अडवायचो. ते तरीही वाकायचे, माझ्या चपलेला बोटं लावून ती कपाळाला टेकवायचे आणि मग सरळ होत म्हणायचे, "हं, आता सांग. का म्हनते नागपूर?"

दोन वर्षांमागे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी काटोलजवळच्या त्यांच्या बागेत गेलो होतो. मामा ओट्यावर बसले होते. मला पाहून छान हसले, बाजूची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "या. बसा."

वाकले नाहीत. जन्मभर मी जे टाळत आलो होतो ते त्या दिवशी आपोआप टळलं, आणि मला दरदरून घाम फुटला. त्यात ते 'बसा'. मामी मला पहिल्यापासून अहोजाहो करतात, त्यांचं तसंच आहे. पण मामांनी मला उभ्या जन्मात 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी मामींकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. त्यांनी फक्त मान हलवली. त्यांना ठाऊक होतं, बरेच महिने.

माझं धंतोलीत औषधाचं दुकान आहे. धंतोली ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे दर दुसऱ्या दारावर डॉक्टरची पाटी आहे आणि उरलेल्या दारांत आमच्यासारखे. मेंदूच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे मामांच्या तपासण्या होऊन चिठ्ठी हातात आली तेव्हा ती उघडायच्या आधीच मला तिच्यात काय असणार ते कळलं होतं. डोनेपेझिल, विस्मरणाच्या आजारावरची गोळी. थोड्या महिन्यांनी सोबत मेमँटिन: पहिला आठवडा रोज पाच मिलिग्रॅम, दुसरा दहा, असं पायरी-पायरीनं वीसपर्यंत. मी या पट्ट्या किती विकल्या असतील याचा हिशेब नाही. काउंटरच्या पलीकडचा माणूस, बहुतेक वेळा थकलेली बायको किंवा सून, पैसे देता देता विचारते, "याने फरक पडेल ना?" आणि मी म्हणतो, "डॉक्टरांना विचारा." हे उत्तर खोटं नाही. पण ते उत्तरही नाही.

मामींना तसं सांगता येईना. त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "भाऊ, या गोळीनं आठवते का जी त्याईले?"

त्या रात्री शटर खाली ओढून मी दुकानातच बसलो आणि मेमँटिनविषयी वाचायला लागलो. विकणाऱ्यानं वाचायला नको असं काही नाही, पण वाचलं नव्हतं हे खरं. हे औषध 1960 च्या दशकात मधुमेहासाठी म्हणून तयार केलं होतं, साखरेवर त्याचा उपयोग झाला नाही आणि मग ते फिरत फिरत मेंदूकडे आलं, एवढं कळलं. आणखी शोधत गेलो तर हे औषध मधमाश्यांना टोचल्याचं वाचायला मिळालं. मधमाश्यांना! रात्रीचे साडेअकरा वाजले होते, बायकोचे दोन फोन येऊन गेले होते, आणि मी माशीच्या विस्मरणावर वाचत बसलो होतो.

मेमँटिनचा संबंध ग्लुटामेटशी आहे. ग्लुटामेट आपल्याला वेगळ्या नावानं माहीत असतं. गोकुळपेठेतल्या चायनीजच्या गाडीवर ज्या पांढऱ्या डब्यातून चिमूट पडते ते अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचंच मीठ. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्रशेवाळाच्या सुपातली चव शोधता शोधता ते वेगळं काढलं. टोमॅटोत असतं, जुन्या चीजमध्ये असतं. आपल्या मेंदूत एका पेशीनं दुसरीला 'चल, ऊठ' म्हणायचं झालं तर बहुतेक वेळा हाच निरोप्या धावतो. (चायनीज खाल्ल्यानं डोकं तल्लख होत नाही. खाल्लेलं ग्लुटामेट मेंदूच्या उंबरठ्याशीच अडवलं जातं. मेंदू आपलं आपण बनवतो. सांगून ठेवलेलं बरं, गिऱ्हाईक काहीही विचारतं.)

कीटकांमध्ये मामला उलटा आहे, आणि मला तो फार आवडला. आपल्यात स्नायूला हुकूम देतो तो ॲसिटिलकोलीन, आणि मेंदूत मुख्य निरोप्या ग्लुटामेट. माशीत स्नायू हलवतो ग्लुटामेट, आणि मेंदूत मुख्य काम ॲसिटिलकोलीनचं. मालमसाला तोच, दोन दुकानांनी फळ्या अदलाबदल केल्यासारखा. त्यामुळे कीटकांतलं ग्लुटामेट म्हणजे पंख-पायांचं काम, स्मरणाशी त्याचं काय, असंच बराच काळ धरून चालले होते.

मग माशीच्या डोक्यात ग्लुटामेट काय करतं हे विचारायचं तर आधी माशीला काय आठवतं ते विचारावं लागतं. त्याची रीत अशी. माशी बर्फावर ठेवून गारठवतात. ती निपचित झाली की तिला पेनाच्या टोपणाएवढ्या नळीत उभी बसवतात, मानेमागून बारीक पट्टी, डोकं आणि मिशा बाहेर. शुद्धीवर आली की उपाशी ठेवतात. मग नाकासमोर (नाक म्हणजे मिशाच) एक वास सोडायचा, लवंगेचा म्हणा. दोन-चार सेकंदांनी मिशीला साखरपाण्याची काडी लावायची. साखर लागताच माशी सोंड बाहेर काढते; ते तिला शिकवावं लागत नाही. पण हे दोन-तीनदा झालं की नुसता वास आल्याबरोबर, साखर नसतानाही, सोंड बाहेर येते. लालसर, चकचकीत, शिवणाच्या दोऱ्याच्या टोकासारखी. झालं शिक्षण. जपानच्या कुवाबारांनी 1957 मध्ये, वासाऐवजी रंगीत उजेड वापरून, हा प्रकार लिहून ठेवला, आणि पुढे बर्लिनमध्ये रँडोल्फ मेंझेल यांनी त्यावर आख्खं आयुष्य घातलं. एकदाच शिकवलेली माशी हळूहळू विसरते. थोड्या थोड्या वेळानं तीन धडे दिले तर तिच्या हयातीपुरतं पुरतं, आणि उन्हाळ्यातल्या कामकरी माशीची हयात काही आठवड्यांचीच.

यातली गोम क्रमात आहे. आधी वास, मग साखर. आधी साखर दिली आणि मग वास सोडला तर माशी शिकत नाही. वास एका वाटेनं येतो, गोडी दुसऱ्या वाटेनं. गोडीची वाट तर एवढी नेमकी आहे की 1993 मध्ये मार्टिन हॅमर यांनी माशीच्या मेंदूतली एकच पेशी शोधून काढली, जिला वासाबरोबर विजेची टोचणी दिली की साखर न देताही माशी तो वास शिकते. दहा लाखांच्या आसपास पेशी असलेला, मोहरीच्या दाण्याएवढा मेंदू, आणि त्यात गोडी म्हणजे एक पेशी. दोन्ही वाटा जिथे भेटतात त्या जागेला छत्रपिंड म्हणावं. अळंबीसारखी ती दिसते. 1850 मध्ये फेलिक्स दुजार्दँ या फ्रेंच माणसाला ती पहिल्यांदा दिसली. मेंदूतल्या एकूण पेशींतल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पेशी तिथेच दाटल्या आहेत.

आता ग्लुटामेटची दारं. पेशीच्या कातडीवर ग्लुटामेट ओळखणारी बरीच दारं असतात. त्यांतलं एक हट्टी आहे, एनएमडीए नावाचं. ते आपल्यात आहे, उंदरात आहे, माशीत आहे. बाकीची दारं ग्लुटामेटनं कडी वाजवली की उघडतात. या दाराच्या तोंडात मात्र मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. नुसतं ग्लुटामेट येऊन काही होत नाही. त्याच वेळी आतून विजेचा रेटा यावा लागतो, म्हणजे ती पेशी दुसऱ्या कशानं तरी आधीच जागी झालेली असावी लागते. बाहेरून निरोप आणि आतून रेटा, दोन्ही एकदम आले तर बूच उडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी आपली रचना थोडी बदलते. एरवी नाही. म्हणजे हे दार एकच गोष्ट मोजतं: दोन गोष्टी एकत्र घडल्या का.

मला हे वाचून मामांचं 'या, बसा' आठवलं. मी समोर होतो. माझा चेहरा त्यांच्या डोळ्यांत पोचला होता, त्यात काही कमी नव्हतं. त्याच्याबरोबर जे यायला हवं होतं ते आलं नाही. बूच बसून राहिलं.

आता ती मेमँटिनची गोष्ट. कॅनबेरात, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत, रिशार्ड मालेश्का आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये माश्यांना असं औषध टोचलं की वापरून झालेलं ग्लुटामेट पेशींच्या फटींतून उचललं जाईना, तिथेच साचून राही. त्या माश्या वास शिकल्या. तासाभरानं विचारलं तर बरोबर सोंड काढली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर काही नाही. ग्लुटामेट कमी झालं म्हणून नाही, उरलेलं हटलं नाही म्हणून. लग्नाच्या हॉलमध्ये सगळेच एकदम बोलायला लागले की शेजारच्याचं ऐकू येत नाही, तसं.

2004 मध्ये त्यांनी पुढचा प्रयोग छापला. अशा विसरलेल्या माश्यांना मेमँटिन दिलं, आणि दुसऱ्या दिवशीची आठवण परत आली. इथवर ठीक. पण मी खुर्चीत सरळ बसलो ते पुढच्या वाक्यावर. मेमँटिन शिकवण्याआधी दिलं तरी चालत होतं, आणि शिकवताना न देता दुसऱ्या दिवशी, परीक्षेच्या आधी दिलं तरीही चालत होतं. म्हणजे आदल्या दिवशी माशीनं धडा गिरवला होता. तो कुठेतरी होता. फक्त हाताला लागत नव्हता.

रात्री साडेअकराला, औषधाच्या दुकानात, हे वाचून काय वाटतं ते मी सांगत बसत नाही. पण मी या धंद्यात आहे, तेव्हा दुसऱ्या मिनिटाला दुकानदार जागा झाला. त्या माशीचं विस्मरण सुईनं केलेलं होतं. पेशी धडधाकट होत्या. मामांच्या मेंदूत पेशीच झिजताहेत. तिथे ग्लुटामेट गळत राहतं, बूच सारखं सैल पडतं, आणि मेमँटिन त्या तोंडात जरा घट्ट बसतं: बारीक गळती थांबवतं, पण खरा रेटा आला की बाजूला होतं. म्हणूनच मेमँटिन चालतं. याच दाराला एमके-801 नावाचं औषध मेमँटिनपेक्षा कितीतरी घट्ट बसतं, आणि त्यानं त्याच प्रयोगातल्या चांगल्या माश्यांची दुसऱ्या दिवशीची आठवण गेली. आणि माणसांत मेमँटिनचा फायदा होतो तो बेताचा. रोग थांबत नाही. उतार थोडा सपाट होतो, तोही सगळ्यांचा नाही.

मामींना मी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, "मामी, जे आहे ते सापडायला थोडी मदत होईल. जे गेलं ते येणार नाही." त्या म्हणाल्या, "मंग ठीक हाये. लई मांगत नाही मी." आणि पुढे विचारलं, "माशीचं का म्हनत होते तुम्ही?"

मी माशीचं सांगितलं. त्या पुष्कळ वेळ हसल्या.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, विषयाला ती थोडी आडवी आहे. कीटकांत ग्लुटामेटची आणखी एक जातीची दारं असतात, जी आपल्यात नाहीतच. त्यातून क्लोराइड आत येतं आणि पेशी जागी व्हायच्या ऐवजी गप्प बसते. म्हणजे एकच ग्लुटामेट एका दारावर 'ऊठ' म्हणतं आणि दुसऱ्या दारावर 'बस खाली'. जंतांतही ही दारं आहेत, आणि आयव्हरमेक्टिन ती उघडून धरतं. जंत लुळा पडतो. आपल्यात ते दारच नाही म्हणून आपण वाचतो. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यात नागपूरच्या त्या उन्हात माझ्या दुकानासमोर आयव्हरमेक्टिनसाठी रांग लागली होती. मी मास्क लावून पट्ट्या मोजून देत होतो. माशीच्या मेंदूतल्या गप्प बसवणाऱ्या दाराची किल्ली आपण वाटतोय हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला रांगेच्या शेवटी उभं केलं असतं. बागेत वाळवीवर वापरतात ते फिप्रोनिल उलटं करतं: तीच दारं बंद करतं, शिवाय त्यांच्या भावकीतली आणखीही. माशी मरणार नाही एवढ्या मात्रेतसुद्धा तिचं वास शिकणं मंदावतं. मामा फुलोऱ्यात फवारणी करू देत नसत. "पाव्हणे जेवाले बसले अन् आपन झाडू मारावं का?" असं म्हणायचे. त्यांना क्लोराइड माहीत नव्हतं.

फुलोरा. आता खरं सांगायचं ते इथून.

काटोल-नरखेडकडे संत्र्याचे दोन बहर. मृग पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि आंबिया थंडी सरताना. आंबियासाठी डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड हवालदिल दिसतं. किती दिवस थांबायचं हे झाडाकडे बघून ठरवायचं असतं. फार ताणलं तर झाड बसतं, कमी ताणलं तर नुसती पालवी येते. मग पाणी सोडायचं, आणि जानेवारी संपता संपता पांढऱ्या कळ्या. मामांच्या बागेत शिरायच्या आधी रस्त्यावरच तो वास गाडीच्या काचेतून यायचा. आणि मामा वासावरून सांगायचे की खालच्या वावरातली झाडं उमलली की विहिरीकडची. मी लहानपणी ते खरं की थाप म्हणून तपासायला धावत जायचो. खरं निघायचं.

गेल्या फेब्रुवारीत मी त्यांना मुद्दाम झाडाखाली घेऊन गेलो. मनात काय होतं ते वाचणाऱ्याला कळलंच असेल. वासानं काहीतरी जागं होईल. मामा झाडाखाली उभे राहिले. डोक्यावर सातेरी माश्यांचा घुमारा चालू होता. मी एक डहाळी खाली वाकवून त्यांच्या तोंडाशी धरली. त्यांनी सभ्यपणे हुंगल्यासारखं केलं, "छान हाये," म्हणाले आणि शर्टाच्या बटणाशी खेळू लागले. वास त्यांना येतच नव्हता. या आजारात पुष्कळदा नाकच आधी जातं. हे मला दुकानात बसून माहीत होतं आणि बागेत उभं राहून मी विसरलो होतो.

त्या झाडावरच्या माश्यांचं मात्र वेगळं चाललं होतं. कॉफीच्या आणि लिंबूवर्गातल्या फुलांच्या मधात कॅफिन असतं, अगदी किंचित, माशीला कडू लागणार नाही एवढंच. न्यूकॅसलच्या जेराल्डिन राइट आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की साखरपाण्यात तेवढं कॅफिन असलं तर दुसऱ्या दिवशी तो वास आठवणाऱ्या माश्या तिपटीनं वाढतात. छत्रपिंडातल्या पेशी त्यानं जरा लवकर पेट घेतात. म्हणजे झाड माशीला चहा पाजतं, उद्या परत ये म्हणून. आमच्या जिल्ह्याचं सगळं नाव ज्या फळावर, त्याच्या फुलाचा हा धंदा. मी तिथे एका माणसाला वीस मिलिग्रॅम देत होतो आणि झाड विनामूल्य वाटत होतं.

मग मला बशीचं सुचलं. बर्फ आणि नळी माझ्याच्यानं झाली नसती, आणि मामींनी करू दिली नसती. पण स्वित्झर्लंडचे ऑग्युस्त फोरेल, हे मनोविकारांचे डॉक्टर, शंभरेक वर्षांमागे आपल्या घराबाहेर नाश्त्याला बसायचे तेव्हा मुरंब्यावर माश्या यायच्या. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की मुरंबा मांडलेला नसला तरी माश्या त्याच वेळेला हजर होतात. 1929 मध्ये इंगेबोर्ग बेलिंग यांनी ते नीट तपासून सिद्ध केलं. ठरल्या वेळी साखर ठेवा, माशी घड्याळ लावते, आणि ठरल्या वेळेच्या थोडी आधीच येऊन बसते. मामांचा चहा चारला. आजारातही तो चुकत नव्हता. पावणेचारला ते स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहतात, कोणी काही न सांगता.

पहिला प्रयत्न पार फसला. दुकानातून लवंगेचं तेल नेलं होतं, दातदुखीसाठी ठेवतो ते. दातदुखीच्या हिशेबानंच चार थेंब टाकले. ओट्यावर लवंगेचा भपकारा, बशीत मुंग्या, आणि एकही माशी नाही. असणार कशी? वर झाडावर अख्खं हॉटेल उघडं असताना माझ्या बशीकडे कोण बघतं? मामी म्हणाल्या, "भाऊ, तुमी गोळ्याच इका."

मार्चमध्ये फुलं झडून वाटाण्याएवढी फळं धरली आणि ऊन चढलं, तेव्हा पुन्हा लावलं. या वेळी परातीत पाणी, पाण्यात उपडी वाटी, वाटीवर बशी, म्हणजे मुंग्यांचा प्रश्न मिटला. लवंगेचं तेल काडीच्या टोकापुरतं. जागा ठिबकच्या गळक्या नळीजवळ, कारण माश्या तिथे ओल प्यायला येतातच. पहिली सातेरी पाण्याऐवजी बशीच्या काठावर उतरली तेव्हा मी आणि मामा दोघंही गुडघ्यांवर होतो. ती काठावरून चालत खाली आली. पुढचे पाय बुडतील इतक्या जवळ थांबली. सोंड बाहेर आली आणि पोट दम लागल्यासारखं लांब-आखूड व्हायला लागलं. मिनिटभर पीत होती. उडताना जड झाल्यासारखी आधी थोडी खाली गेली, मग बशीकडे तोंड करून हवेत अर्धवर्तुळं काढली, प्रत्येक खेपेला जरा मोठी, आणि गेली. जागा पाठ करून घेत होती. मामा म्हणाले, "गेली."

पुढचं मामींनी सांभाळलं. रोज चारला चहा ठेवताना चमचाभर साखर पाण्यात, बशी नळीशी, साडेचारला उचलायची. मी रविवारी दुपारी दुकान बंद करून जात होतो. तिसऱ्या रविवारी मी दोन बश्या ठेवल्या, दोन्हींत नुसतं पाणी, एकीजवळ लवंग, दुसरीजवळ पेपरमिंट. माश्या पावणेचारच्या आधीच घिरट्या घालत होत्या. अकरा उतरल्या त्यांतल्या नऊ लवंगेवर. हा काही प्रयोग नव्हे, बश्यांच्या जागा बदलून पाहायला हव्या होत्या हे मला कळतं. पण मामींनी बोटांवर मोजल्या आणि संध्याकाळी शेजारणीला फोन करून सांगितलं.

मामांना माश्यांचं आदल्या दिवशीचं काही आठवत नसे. रोज त्यांच्यासाठी ती पहिलीच माशी. रोज ते खुर्ची नळीच्या बाजूला वळवून बसायचे आणि रोज विचारायचे, "याईले कोन सांगतलं इथं यायले?" मी पहिले काही रविवार सविस्तर सांगितलं. मग एका रविवारी त्यांनी विचारलं, "अन् तू कोनाचा रे?" मी म्हटलं, "तुमच्या बहिणीचा." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं. "चप्पल काढून बस," म्हणाले, "पाय भाजत नाहीत ओट्यावर." तू म्हणाले होते, एवढं मी टिपून ठेवलं.

गेल्या रविवारी कळमेश्वरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली आणि मला पोचायला सव्वाचार झाले. मामी गावात कोणाच्या हळदीला गेल्या होत्या, गडी विहिरीवर मोटरशी झटत होता. बशी नळीशी नेहमीच्या जागी होती, धुऊन उपडी घातलेली, कोरडी. तिच्या पाठीवर सहा-सात माश्या चालत होत्या. एक कडेपर्यंत जाऊन परत फिरायची. एकीनं सोंड काढून चिनी मातीला लावली, मागे घेतली, पुन्हा लावली.

मामा खुर्चीत पुढे झुकून बघत होते. मी जवळ गेलो तरी त्यांनी मान वर केली नाही.

"कोरडी हाये," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, बागेवर नवा गडी ठेवल्यावर ज्या आवाजात विचारायचे त्याच आवाजात: "ताणावर टाकलं का रे याईले?"

मी साखरेचा डबा शोधायला आत गेलो.